कृषी केंद्राच्या व्हॉट्सॲपवर चॅटबॉट: काय त्याच्यावर सोडावं आणि काय सोडू नये

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यात दिग्रसकडे आमचं कृषी केंद्र आहे. सासरे काउंटर बघतात, मिस्टर मालाच्या मागे असतात. दुकानाचा मोबाईल, फेसबुक पेज आणि इन्स्टाग्राम माझ्याकडे आहे. मे संपता संपता मेसेज सुरू होतात ते ऑगस्टपर्यंत थांबत नाहीत, निम्म्यांना उत्तरच जात नाही. एक जण म्हणतो एआय चॅटबॉट लावा, सगळं आपोआप होईल, पिकाचा सल्लाही तोच देईल. लावावा का? कसा? खर्च किती येईल?

ताई, लावा. पण ‘सगळं आपोआप होईल’ आणि ‘पिकाचा सल्लाही तोच देईल’ ही दोन वाक्यं सोडून द्या. पहिलं खरं नाही आणि दुसरं धोक्याचं आहे. विदर्भातल्या लहान दुकानांना, जिनिंगवाल्यांना, वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांना, बचत गटांना ही व्यवस्था बसवून देणं हेच माझं काम आहे. बाकी धंद्यांत मी आधी विचारतो, बॉटने काय काय सांगायचं. कृषी केंद्र असलं की आधी विचारतो, कोणत्या प्रश्नावर बॉटने गप्प बसायचं. ते ठरल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही.

कारण तुम्हाला सांगायला नको. २०१७ च्या खरिपात तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, डोक्याच्या वर गेली होती, उकाडा होता, औषध तोंडावर उडत होतं आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. कोणी काय मिसळायला सांगितलं, याची तेव्हा जिल्हाभर चर्चा झाली. आज तोच प्रश्न काउंटरवर न येता रात्री अकराला व्हॉट्सॲपवर येतो: “दोन्ही औषधं एकत्र मारली तर चालते का?” तुमच्या सासऱ्यांना असं विचारलं तर ते आधी पीक विचारतील, किती दिवसांचं आहे ते विचारतील, फवारणारा कोण आहे तेही विचारतील. बॉट यातलं काहीच न विचारता झोकात उत्तर देईल आणि ते उत्तर तुमच्या दुकानाच्या नावाने जाईल.

म्हणून सुरुवात कोणत्याही कंपनीच्या डेमोपासून करू नका, तुमच्याच जुन्या मेसेजपासून करा. मागच्या जून-जुलैतल्या गप्पा उघडा, वही घ्या आणि एकेक प्रश्न जसा आला तसा उतरवा. भाषा सुधारू नका. “युरिया आला का जी?” “डीएपी केवढ्याले?” “सोयाबीन निघालंच नाही, आता काय करू?” “पऱ्हाटी लाल पडून रायली, काय मारू?” “पंपाले किती मिली टाकू?” “आज दुकान चालू हाय का?” असे शे-दोनशे प्रश्न लिहिले की चित्र आपोआप स्पष्ट होतं. बहुतेक दुकानांत अर्ध्याहून जास्त मेसेज तीन-चार गोष्टींचेच असतात: माल आला का, भाव काय, दुकान कधी उघडं, पत्ता कुठे. हे बॉटचं काम. ‘काय मारू’ आणि ‘किती टाकू’ हे माणसाचं काम. आणि ‘निघालंच नाही’ ही तक्रार आहे, तिच्याकडे वेगळ्या पद्धतीने बघावं लागतं.

माल आणि भावापासून सुरू करू. हे सोपं वाटतं, पण इथे शिळी माहिती घात करते. बीजी-२ या बीटी कापसाच्या बियाण्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत २०२४ च्या हंगामात ८६४ रुपये होती, २०२५ मध्ये ती ९०१ झाली. बॉटमध्ये गेल्या वर्षीचा आकडा राहिला तर शेतकरी तो स्क्रीनशॉट घेऊन काउंटरवर येईल, आणि त्याचं काही चुकलेलं नसेल. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे दुकानात साठ्याचा आणि भावाचा फलक लावणं तुम्हाला बंधनकारक आहेच. बॉट हा तुमचा दुसरा भावफलक समजा. रोज सकाळी दुकान उघडल्यावर जो माणूस फळ्यावरचे आकडे पुसून लिहितो, त्यानेच त्या पाच मिनिटांत गूगल शीटमधला साठाही बदलायचा, आणि बॉटने तिथूनच वाचायचं. भाव दोन ठिकाणी लिहून ठेवू नका. दोन ठिकाणी लिहिलेलं कधी ना कधी वेगळं होतंच.

युरियाचं एक पथ्य पाळा. ४५ किलोच्या गोणीचा २६६ रुपये ५० पैसे हा दर बॉटने सांगावा, गोण्या आहेत की नाहीत तेही सांगावं, पण ‘तुमच्यासाठी दहा गोण्या ठेवल्या’ असं त्याला कधी बोलू देऊ नका. अनुदानित खताची विक्री आधार घेऊन ई-पॉस मशीनवर होते, शेतकऱ्याला समोर यावंच लागतं. जुलैत गाडी येते आणि दुपारपर्यंत संपते. बॉटच्या भरवशावर कोणी पंधरा किलोमीटरवरून ऑटो करून आला आणि गोण्या संपलेल्या असल्या, तर तो पुढच्या वर्षी तुमच्या दुकानात येणार नाही. मी हे वाक्य सुचवतो: “आज सकाळी ९ वाजता युरिया शिल्लक होता. निघण्याआधी दुकानात फोन करून खात्री करा.” वेळ लिहिलेली असली की माणूस स्वतः अंदाज बांधतो.

बियाण्यांच्या चौकशीत एप्रिलपासून एक प्रश्न हमखास येतो: तणनाशकाला चालणारं बियाणं आहे का, म्हणजे चोर बीटी. त्याला मंजुरी नाही. बॉटने एवढंच म्हणावं: “मंजुरी नसलेलं बियाणं आम्ही विकत नाही. बिल आणि लॉट नंबर असलेलंच बियाणं घ्या.” मोकळं सोडलेलं एआय इथे त्या बियाण्याचे फायदे-तोटे समजावत बसेल आणि परवान्याचा प्रश्न तुमच्यावर येईल.

आता साधनांकडे. तुमच्या आकाराच्या दुकानाला पहिल्या हंगामात एआयची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेसचं फुकट ॲप घ्या. त्यात नवीन माणसाने, किंवा चौदा दिवस ज्याचा मेसेज आला नाही त्याने मेसेज केला की स्वागताचा मेसेज जातो. दुकान बंद असतानाचा मेसेज वेळ ठरवून लावता येतो. पन्नासपर्यंत तयार उत्तरं साठवता येतात, तिरकी रेघ (/) आणि एक शब्द टाकला की पूर्ण उत्तर समोर. लेबलं लावता येतात. ‘फोन करायचा’, ‘तक्रार’, ‘झालं’ एवढी तीन लेबलं जरी नेमाने लावली तरी मेसेज राहून जाण्याचा तुमचा निम्मा त्रास कमी होईल. फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी मेटा (फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप चालवणारी कंपनी) बिझनेस सूट देते, त्यात नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं फुकट लावता येतात.

ॲपची एक अडचण आपल्याकडे फार जाणवते. आपोआप जाणारे मेसेज फोन नेटवर असेल तरच जातात. वीज गेली, टॉवर बंद पडला, फोनची बॅटरी संपली, की उत्तर थांबलं. ते ज्यांना परवडत नाही आणि ज्यांच्याकडे रोजचे मेसेज खरोखर हाताबाहेर गेलेत, त्यांनी पुढची पायरी घ्यावी: व्हॉट्सॲपचं बिझनेस एपीआय. ते मेटाच्या सर्व्हरवरून चालतं, दुकानात लाईट नसली तरी उत्तर जातं, बटणं देता येतात, दोन-तीन माणसं वेगवेगळ्या फोनवरून उत्तर देऊ शकतात. त्याबरोबर एक नियम येतो. शेतकऱ्याचा शेवटचा मेसेज आल्यापासून चोवीस तासांत तुम्ही मोकळेपणाने लिहू शकता. तो वेळ गेला की मेटाने आधी मंजूर केलेला ठरावीक मजकूरच पाठवता येतो. आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री प्रश्न आला आणि बाजाराच्या धांदलीत दिवस गेला, तर ती खिडकी बंद झालेली असते. म्हणून ‘उद्या बघू’ या लेबलाला तिथे जागा नाही.

आणि कोणीही ‘क्यूआर स्कॅन करा, पाचशे रुपयांत बॉट चालू’ असं म्हणालं तर हात जोडा. व्हॉट्सॲप वेबवर बसवलेली ही अनधिकृत साधनं असतात, त्यांच्यामुळे नंबर कायमचा बंद होऊ शकतो. तुमचा नंबर बिलबुकावर आहे, दुकानाच्या पाटीवर आहे, गावोगावच्या शेतकऱ्यांच्या फोनमध्ये ‘कृषी केंद्र’ म्हणून साठवलेला आहे. तो गेला तर पंधरा-वीस वर्षांची ओळख गेली. अधिकृत एपीआय घेतानाही आधी विचारा, की हाच नंबर फोनमधल्या ॲपवरही राहील ना. आता दोन्ही एकत्र चालवायची सोय मेटाने दिली आहे, पण प्रत्येक बसवणारा ती देतोच असं नाही. जुन्या पद्धतीत नंबर एपीआयवर गेला की फोनमधून जायचा, आणि सासऱ्यांना एका सकाळी त्यांचं व्हॉट्सॲप रिकामं दिसलं तर घरात काय होईल ते तुम्हीच जाणता.

बटणं आणि पुढे सांगितलेलं शब्द ओळखून आपोआप उत्तर देणं एपीआयवरच जमतं; फुकट ॲपवर हीच वाक्यं तयार उत्तरं म्हणून साठवा आणि हाताने पाठवा. बटणांच्या मजकुरावर थोडा वेळ घालवा, कारण शेतकरी वाचणार तेच आहे. एका मेसेजखाली उत्तराची तीनच बटणं बसतात, यादी केली तर दहा ओळी. बटणावर वीस अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘फवारणीबद्दल विचारायचंय’ बसत नाही, ‘फवारणीचं विचारायचंय’ बसतं. पहिला मेसेज मी असा ठेवतो:

“नमस्कार. हे दुकानाचं आपोआप जाणारं उत्तर आहे, माणूस नाही. काय पाहिजे ते खाली दाबा. माणसाशी बोलायचं असेल तर ‘फोन’ लिहा. सकाळी ९ ते रात्री ८ या वेळेत आम्ही फोन करू.”

‘राम राम भाऊ’ असं का नाही? कारण तुमच्या दुकानात राम राम म्हणणारे येतात, जय भीम म्हणणारे येतात, सलाम करणारे येतात, आणि मेसेज करणाऱ्यांत बायाही असतात. काउंटरवर माणूस बघून सासरे बरोबर शब्द काढतात. बॉटला समोरचं दिसत नाही, त्याने ‘नमस्कार’ आणि ‘तुम्ही’ यावरच राहावं. आणि तो माणूस नाही हे पहिल्याच ओळीत सांगावं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आपली पूर्ण अडचण लिहून काढावी आणि नंतर कळावं की वाचणारं कोणी नव्हतं, हे मला पटत नाही.

फवारणीचं बटण दाबल्यावर जाणारं उत्तर हे तुमच्या बॉटमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे:

“औषध आणि प्रमाण आम्ही मेसेजवर सांगत नाही. पिकाचा फोटो, पेरणीची तारीख आणि याआधी काय फवारलं ते पाठवा. दुकानातून फोन येईल. घाई असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात.”

बघा, बॉट इथे गप्प बसला, पण निकामी झाला नाही. सासरे फोन करतील तेव्हा फोटो, तारीख आणि मागची फवारणी त्यांच्यासमोर असेल, दहा मिनिटांचं बोलणं तीन मिनिटांत होईल. बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात ज्या पिकावर, ज्या किडीसाठी, जेवढ्या प्रमाणात लिहिलंय त्यापलीकडे दुकानदाराने तोंडीसुद्धा सांगू नये, मग लेखी तर नाहीच. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो. त्याची एक साधी मराठी आकृती तयार करून बॉटला दिलीत तर मात्र खरोखर उपयोग होईल. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, उपाशीपोटी फवारणी नको, ही माहिती कितीदाही गेली तरी नुकसान नाही.

याहून एक पायरी पुढची गोष्ट कोणतीच कंपनी डेमोमध्ये दाखवत नाही, म्हणून मी ती आधी मागतो. काही शब्द आले की बॉटने बाकी सगळं सोडायचं. चक्कर, उलटी, मळमळ, अंधारी, घाम सुटला, विष, पेलं, बेशुद्ध. या शब्दांच्या वऱ्हाडी आणि चुकीच्या लिहिलेल्या रूपांसकट यादी करा. त्यावर जाणारं उत्तर एकच:

“फवारणी लगेच थांबवा. औषध लागलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. १०८ ला फोन करा. औषधाची बाटली सोबत घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा.”

त्याच क्षणी तुमच्या, मिस्टरांच्या आणि सासऱ्यांच्या, तिघांच्या फोनवर घंटा वाजली पाहिजे. ‘औषध घेतलं’ असा मेसेज आला तर त्याने विकत घेतलं की आणखी काही, हे यंत्राला ठरवू देऊ नका, माणसाने फोन लावायचा. दहा वेळा उगाच फोन गेला तरी हरकत नाही. ‘आता जगून काय करू’ अशा अर्थाचं काही आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर जावा आणि घंटा वाजावी. आपण ज्या भागात दुकान चालवतो तिथे असा मेसेज कधीच येणार नाही असं धरून चालता येत नाही. शेतकऱ्याच्या फोनमध्ये घरच्यांइतकाच जवळचा नंबर कधीकधी कृषी केंद्राचाच असतो.

आता एआयचं. त्याच्या विरोधात मी नाही. ‘युरिया’, ‘युर्या’, ‘उरिया’, रोमन अक्षरांतली आणखी पाच रूपं, हे सगळं एकच आहे हे साध्या नियमांच्या बॉटला शिकवावं लागतं, एआय ते पटकन ओळखतं. म्हणून त्याला प्रश्न ओळखायचं काम द्या, उत्तर रचायचं देऊ नका. ‘हा भाव विचारतोय’, ‘हा फवारणीचं विचारतोय’, ‘ही तक्रार आहे’ एवढं त्याने ठरवावं आणि पुढे तुम्ही लिहून ठेवलेलं वाक्यच जावं. मोकळं सोडलं की ते माहीत नसलेल्या गोष्टीवरही छान मराठीत, ठाम सुरात उत्तर देतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या लवादाने एअर कॅनडा या विमान कंपनीविरुद्ध निकाल दिला. प्रवाशाने आजीच्या निधनानंतर सवलतीच्या तिकिटाची चौकशी केली होती, कंपनीच्या चॅटबॉटने सांगितलं की प्रवासानंतरही सवलत मागता येईल. कंपनीच्या नियमात तसं नव्हतं. कंपनीने म्हणून पाहिलं की बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. लवादाने ते मानलं नाही, भरपाई द्यायला लावली. तिथे तिकिटाच्या पैशांचा प्रश्न होता. आपल्याकडे काय असू शकतं ते वर लिहिलंच आहे.

दोन गोष्टींत एआय अजून आपल्याकडे कमी पडतं आणि तुम्ही त्यावर अवलंबून राहू नये. एक, आवाजी मेसेज. वयस्क शेतकरी टाईप करत नाहीत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून बोलून पाठवतात. प्रमाण मराठी बऱ्यापैकी लिहून घेतली जाते. वऱ्हाडी, त्यात ट्रॅक्टरचा आवाज, किंवा दिग्रस-पुसदकडे बोलता बोलता गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, आली, की मजकूर भलताच होतो. आवाजी मेसेजला बॉटने फक्त “मिळाला, ऐकून फोन करतो” म्हणावं आणि माणसाने ऐकावं. दोन, पानाचा फोटो. लाल पडलेलं कापसाचं पान मॅग्नेशियमच्या कमतरतेने असेल, तुडतुड्यांनी असेल, पाणी साचल्याने असेल. सावलीत काढलेल्या एका फोटोवरून निदान करून औषध सांगणारं साधन दुकानाशी जोडू नका. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस आणि तुमच्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्रातला माणूस, हे दोन आधार तुमच्याकडे आहेत. फोटो तिकडे पाठवायची सवय लावा.

उगवणीच्या तक्रारीबद्दल. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात हजारो तक्रारी झाल्या, ते तुम्हाला आठवत असेल. अशी तक्रार मेसेजवर आली की बॉटने दुकानाची बाजू मांडायची नाही, शेतकऱ्याला दोषही द्यायचा नाही. ‘पाऊस कमी होता का? खोल पेरलं का?’ असले प्रश्न यंत्राकडून आले की माणूस आणखी चिडतो, आणि ते रास्त आहे, त्याची पेरणी मोडली आहे. बॉटने चार गोष्टी मागाव्यात: बिलाचा फोटो, पिशवीवरच्या टॅगचा म्हणजे लॉट नंबरचा फोटो, पेरणीची तारीख, शेताचा फोटो. आणि सांगावं की पिशवी, टॅग आणि थोडं बियाणं फेकू नका, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना लागेल. हे शेवटचं वाक्य लिहायला दुकानदार कचरतात. मी त्यांना आग्रह करतो. शेतकऱ्याला त्याचा मार्ग तुम्हीच दाखवला तर तो तुमच्याविरुद्ध नाही, कंपनीविरुद्ध उभा राहतो, आणि लॉट नंबरवरून एकाच लॉटच्या तक्रारी किती हेही तुम्हाला दोन दिवसांत कळतं. याच कारणासाठी जूनच्या सुरुवातीला बॉटवरून कृषी विभागाचं एक वाक्य सगळ्यांना जाऊ द्या: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको.

उधारीचे तगादे बॉटवर टाकू नका, हे मी अगदी निक्षून सांगतो. सॉफ्टवेअरवाले ते हौसेने दाखवतात. गावात फोन एकट्याचा नसतो. नंबर बापाच्या नावाचा, फोन पोराच्या हातात, मेसेज वाचते सून किंवा कॉलेजातली मुलगी. कापूस विकल्यावर देणाऱ्या माणसाला सप्टेंबरात यंत्राने चारदा आकडा पाठवला तर त्याची घरात मान खाली जाते. उधारी समोरासमोर किंवा फोनवर, जशी आजवर चालत आली तशीच. त्याच कारणाने चॅटवर आधार, सातबारा, बँक पासबुकाचे फोटो मागू नका. लोकांची माहिती कशासाठी घेतली हे सांगणं आणि ती नीट जपणं ही जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती घेणाऱ्यावर टाकली आहे. नाव, गाव, पीक, एवढ्यावर काम भागतं.

फेसबुकचं थोडक्यात. कमेंटमध्ये ‘किंमत?’ आली की ‘इनबॉक्स करा’ असं आपोआप उत्तर लावायची पद्धत पडली आहे. खताचा आणि बियाण्याचा भाव कमाल किमतीचा असतो, तो लपवायचं कारण नाही, कमेंटमध्येच उघड लिहा. आजाराचं विचारलं असेल तर त्या कमेंटवरून खासगी मेसेज एकदाच आणि सात दिवसांच्या आत पाठवता येतो, त्यात दुकानाचा फोन नंबर द्या. इन्स्टाग्रामवर तुमचे ग्राहक बहुधा कमी आणि पोरं जास्त असतील, तिथे बॉटवर मेहनत घेऊ नका.

खर्चाचा हिशोब असा. व्हॉट्सॲप बिझनेस ॲप आणि मेटा बिझनेस सूट फुकट. एपीआय घेतलं तर शेतकऱ्याने आधी मेसेज केल्यावर चोवीस तासांत दिलेल्या साध्या उत्तरांना मेटा पैसे घेत नाही. तुम्ही आपणहून पाठवलेल्या मंजूर मजकुराला जुलै २०२५ पासून दर मेसेजमागे पैसे लागतात. जाहिरातीच्या मेसेजला भारतात रुपयाच्या आसपास धरा, बिल-पोचपावतीसारख्या कामाच्या मेसेजला त्याहून बरंच कमी. म्हणजे सहाशे शेतकऱ्यांना ‘बियाणं आलं’ असं एकदा कळवायला पाचशेच्या पुढे रुपये. पण ज्याने होकार दिला त्यालाच पाठवा. न विचारता पाठवलं की लोक ब्लॉक करतात, आणि ब्लॉक वाढले की मेटा तुमचे मेसेज कमी करतं. यावर बसवणाऱ्याचं दरमहा भाडं वेगळं. ते वर्षाचं आगाऊ देऊ नका, तीन महिन्यांचं मागा. आणि करारात लिहून घ्या की सोडताना सगळ्या गप्पा आणि नंबर तुमचेच राहतील.

सुरुवात जूनमध्ये करू नका. हरभऱ्याच्या पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, गर्दी कमी असते तेव्हा ॲपवर सुरू करा. रोज रात्री दहा मिनिटं दिवसभर गेलेली उत्तरं वाचा, जिथे अडलं तो प्रश्न वहीत घ्या. ओळखीच्या दोन-चार शेतकऱ्यांना सांगा की मुद्दाम वेडेवाकडे प्रश्न विचारा. पुढे एपीआय घेतलं तर ‘चक्कर येऊन रायली’ असा मेसेज स्वतः दुसऱ्या फोनवरून पाठवून बघा, तिघांच्या फोनवर घंटा वाजते का. रात्रीही बघा. मार्चपर्यंत ॲपवर भागत असेल तर एपीआयचे पैसे वाचवा.

मागच्या हंगामातले मेसेज उतरवून झाले की सगळ्यात जास्त आलेले वीस प्रश्न आणि सासरे त्याला तोंडी देतात ती उत्तरं, जशीच्या तशी, मला लिहून पाठवा. शेतकऱ्यांची नावं आणि नंबर त्यातून काढून टाका. बटणांची मांडणी मी करून देतो.